फॉर्म सबमिट झाला तरी बाद का होतो? दरवेळी अडणाऱ्या जागा आणि त्यावर काय करायचं

तालुक्याच्या गावी फॉर्म भरायचं सेंटर चालवतो, त्यामुळं मे महिना लागला की ॲडमिशनवाले आणि मग वर्षभर भरतीवाले असं चालूच असतं. आता तर अकरावीचं ॲडमिशनसुद्धा २०२५ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झालंय, म्हणजे पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांपासून सुरुवात. आणि प्रश्न तेच तेच येतात. फोटो अपलोड होत नाही, ओटीपी येत नाही, पैसे कटले पण पेंडिंग दाखवतंय. आणि सगळ्यात वाईट म्हणजे फॉर्म व्यवस्थित गेला होता, परीक्षा पण निघाली, आणि कागदपत्र पडताळणीला गेल्यावर सांगितलं की तुमचा दाखला चालत नाही. हे शेवटचं ज्याच्या घरी घडतं त्या घरातलं वातावरण मी बघितलंय, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. साईट जिथं लाल अक्षरात अडवते तिथं फक्त डोक्याला त्रास होतो, नुकसान होत नाही, कारण ते तिथल्या तिथं दुरुस्त करता येतं. खरा घात होतो तो साईट काही न बोलता पुढं जाऊ देते तिथं. साईटला तुमचा दाखला वाचता येत नाही, फाईल पीडीएफ आहे का आणि किती केबीची आहे एवढंच तिला कळतं. मागच्या वर्षीचं नॉन क्रिमिलेअर, म्हणजे घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असल्याचा आरक्षणासाठी लागणारा दाखला, टाकलं तरी हिरवी टिक येते. त्यामुळं लाल अक्षरांचं थोडक्यात सांगतो आणि न दिसणाऱ्या चुकांवर जास्त बोलतो.

फोटो, सही अपलोड होत नाही

यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते, पिक्सेल आणि केबी. पिक्सेल म्हणजे फोटोची लांबी-रुंदी आणि केबी म्हणजे फाईलचं वजन, आणि साईटला दोन्ही बरोबर लागतात. आयबीपीएस, म्हणजे बँकांच्या भरतीची परीक्षा घेणारी संस्था, तिच्या फॉर्मला फोटो २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी, सही १४० बाय ६० आणि १० ते २० केबी, डाव्या अंगठ्याचा ठसा २४० बाय २४० आणि २० ते ५० केबी, आणि हातानं लिहिलेलं डिक्लरेशन ८०० बाय ४०० आणि ५० ते १०० केबी असं असतं. सगळे वरची मर्यादा बघतात, खालची कोणी बघत नाही. फोटो दाबून दाबून ८ केबीचा करतात आणि मग साईट घेत नाही म्हणून आणखी दाबतात! एररमध्ये नीट लिहिलेलं असतं की २० ते ५० च्या मध्ये पाहिजे. केबी कमी पडत असतील तर त्याच प्रमाणात पिक्सेल वाढवा, म्हणजे ४०० बाय ४६० वगैरे करून बघा, आयबीपीएसच्या सूचनेत २०० बाय २३० हे 'असावं' असं दिलेलं असतं, तेवढंच हवं अशी सक्ती नसते. कॉम्प्युटरवर वजन बघताना प्रॉपर्टीजमध्ये 'साईझ' बघा, त्याच्या खाली 'साईझ ऑन डिस्क' असतं ते नाही.

आधी क्रॉप, मग रिसाईझ, हा क्रम ठेवा. उलटं केलं की चेहरा चपटा होतो. फाईलच्या नावात मराठी अक्षरं, कंस, स्पेस ठेवू नका, काही साईट एवढ्यावरून पण नाकारतात. आयफोनवाल्यांचा फोटो एचईआयसी असतो, नुसतं नाव बदलून जेपीजी लिहिलं तर तो जेपीजी होत नाही, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्सला जाऊन 'मोस्ट कम्पॅटिबल' करा आणि परत काढा. सेंटरवर व्हॉट्सॲपनं पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाखल्यावरचा बारकोड आणि तारीख पुसट होते आणि ते आम्हालाही नंतर सुधारता येत नाही.

सही पांढऱ्या कागदावर, काळ्या पेननं, आणि सगळी कॅपिटल अक्षरं असलेली सही बँकेच्या फॉर्मला चालत नाही. डिक्लरेशन उमेदवारानं स्वतःच्या हातानं, इंग्रजीतच आणि कॅपिटल अक्षरं न वापरता लिहायचं असतं. अक्षर चांगलं आहे म्हणून ताईकडून लिहून आणतात, असं करू नका, दुसऱ्याच्या हस्ताक्षरातलं डिक्लरेशन निघालं की अर्ज रद्द. स्टाफ सिलेक्शन कमिशननं २०२४ पासून फॉर्म भरतानाच कॅमेऱ्यावर थेट फोटो घ्यायला सुरुवात केली, तिथं स्टुडिओतला फोटो खिशात असून काही उपयोग नाही, उमेदवार स्वतः समोर पाहिजे, चष्मा काढून, टोपी काढून, मागं साधी भिंत आणि तोंडावर उजेड. पाठीमागं खिडकी असली की चेहरा काळा येतो.

पेज अडकतं, ड्रॉपडाऊन उघडत नाही

क्रोमचं आपोआप मराठी भाषांतर चालू असेल तर आधी बंद करा, त्यानं ड्रॉपडाऊन बिघडतात. एकच फॉर्म दोन टॅबमध्ये उघडू नका. बॅकचं बटण दाबू नका. पेमेंटची किंवा प्रिंटची खिडकी उघडत नसेल तर पॉपअप ब्लॉक आहे का बघा. एवढं केलं तरी नाही झालं तर इन्कॉग्निटो खिडकीत लॉगिन करून बघा, आणि तरीही नाही तर सर्व्हरवर लोड आहे असं समजून पहाटे बसा. शेवटच्या दिवशी मात्र पहाट हातात नसते, त्यामुळं शेवटचे दोन-तीन दिवस फॉर्मसाठी ठेवूच नका.

ओटीपी आणि ईमेल

यावर मी सेंटरवाला असूनच सांगतो, सेंटरवाल्याचा ईमेल आणि मोबाईल नंबर तुमच्या फॉर्मवर टाकू देऊ नका. गर्दीत वेळ वाचतो म्हणून खूप ठिकाणी सर्रास असं करतात, आणि मग सहा महिन्यांनी हॉलतिकीटचा मेल येतो तो सेंटरवाल्याच्या इनबॉक्सला जिथं असे शेकडो मेल पडलेले असतात. मुलाला परीक्षा होऊन गेल्यावर कळतं. स्वतःचा ईमेल काढायला पाच मिनिटं लागतात. पासवर्ड वहीत लिहा, रजिस्ट्रेशन नंबर पण तिथंच लिहा. आणि नंबर वडिलांचा टाकणार असाल तर तो नियमित रिचार्ज होतो का ते बघा, बंद पडलेला नंबर काही दिवसांनी कंपनी दुसऱ्याला देते आणि मग तुमचे ओटीपी परक्या माणसाला जातात. आधारच्या ओटीपीसाठी आधारला जोडलेलाच नंबर लागतो, फॉर्मवर कुठलाही टाकला तरी ओटीपी तिकडंच जाणार.

पैसे कटले पण फॉर्म पेंडिंग

इथं घाबरून लगेच दुसऱ्यांदा पैसे भरतात, आणि तेही कटतात. असं करा.

आधी पेज बंद करा आणि अर्ध्या-एक तासानं परत लॉगिन करा. बऱ्याच पोर्टलवर पेमेंट व्हेरिफाय करायचं किंवा स्टेटस तपासायचं बटण असतं, ते दाबा, बँकेकडून उशिरा आलेला निरोप तिथं जुळतो आणि फॉर्म पूर्ण होतो. मग बँकेच्या स्टेटमेंटमध्ये बघा की पैसे खरंच गेले की नुसता डेबिटचा मेसेज आला आणि नंतर परत जमा झाले. यूपीआयनं भरलं असेल तर १२ आकडी व्यवहार क्रमांक असतो, तो लिहून ठेवा. फोनवरचं हिरवं 'सक्सेसफुल' हा पैसे गेल्याचा पुरावा आहे, फॉर्म भरल्याचा नाही, फॉर्म भरला हे फक्त पोर्टलवरची स्थिती आणि पावतीच सांगते.

पैसे कटले आणि समोरच्याकडं पोचले नाहीत तर त्यावर रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक. व्यापारी किंवा संस्थेला यूपीआयनं दिलेले पैसे किंवा ऑनलाइन कार्डनं दिलेले पैसे अडकले तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला पाहिजेत, आणि नाही आले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेनं स्वतःहून द्यायची आहे. बँकेत जाऊन तोंडी सांगू नका, लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत.

आता शेवटची तारीख आज असेल आणि तासाभरानंही पेंडिंगच दाखवत असेल तर माझं स्पष्ट मत आहे की दुसऱ्यांदा फी भरा. पाचशे-हजार रुपये अडकतील, कदाचित परत येणारही नाहीत, पण वर्ष जाण्यापेक्षा ते परवडलं. फक्त तारखेला अजून दोन-चार दिवस असतील तर थांबा.

आणि एक, हेल्पलाइनचा नंबर गुगलवर शोधून फोन करू नका. पैसे अडकलेल्या माणसाला गाठायलाच खोटे नंबर टाकून ठेवलेले असतात, ते स्क्रीन शेअरचं ॲप टाकायला लावतात आणि खातं रिकामं करतात. नंबर जाहिरातीच्या पीडीएफमधून किंवा त्या साईटवरूनच घ्यायचा.

नाव जुळत नाही

इथून पुढच्या चुका साईट पकडत नाही.

दहावीची मार्कशीट हातात घ्या. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव असतं आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. आधारवर आधी स्वतःचं नाव आणि आडनाव शेवटी. फॉर्मवर तीन वेगळे रकाने असतील, पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, तर पोरं मार्कशीटवर बघून त्याच क्रमानं टाकत जातात आणि आडनाव पहिल्या नावाच्या रकान्यात जाऊन बसतं. हॉलतिकीटावर ते तसंच छापून येतं. रकाने वेगळे असतील तर रकान्याप्रमाणं भरा, आणि 'दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे पूर्ण नाव' असा एकच रकाना असेल तर मार्कशीटवर जसं आहे तसंच्या तसं, त्याच क्रमानं, त्याच स्पेलिंगनं.

स्पेलिंगचं तर विचारू नका. ज्ञानेश्वर नावाचं स्पेलिंग एका कागदावर डी-एन-वाय नं सुरू होतं, दुसऱ्यावर डी-एन-ए नं आणि तिसऱ्यावर जी नं. वडिलांचं नाव मार्कशीटवर नुसतं 'बाबू' आणि आधारवर 'बाबुराव'. गावात सगळ्यांना माहीत आहे की माणूस एकच आहे, पण पडताळणीच्या टेबलावर बसलेल्या साहेबांना ते कागदावरूनच कळणार. यावर उपाय म्हणजे दहावीचा कागद मूळ धरायचा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवायचे, म्हणजे आधार, पॅन, बँक पासबुक, जातीचा दाखला. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, त्यामुळं आधार केंद्रावर जाताना मार्कशीट बरोबर न्या आणि ऑपरेटरनं टाइप केलेलं अक्षर अन् अक्षर स्क्रीनवर वाचल्याशिवाय हो म्हणू नका.

दहावीच्याच कागदावर चूक असेल तर ती शाळेमार्फत विभागीय मंडळाकडं जाते, शाळेच्या जनरल रजिस्टरला काय नोंद आहे त्यावर सगळं ठरतं. जितका उशीर तितका त्रास. दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरतानाच शाळा नावांची यादी तपासायला देते, पालकांनी त्यावर डोळे झाकून सही करू नये, पुढच्या तीस वर्षांचं काम तिथं पाच मिनिटांत होतं.

लग्न झालेल्या मुलींचं वेगळं. नाव दहावीप्रमाणंच भरायचं आणि 'नावात बदल आहे का' या प्रश्नाला हो म्हणून नवीन नाव द्यायचं, पुरावा म्हणून विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र. राजपत्रासाठी शासन मुद्रणालयाच्या साईटवर ऑनलाइन अर्ज होतो. नोकरीच्या मागं असलेल्या मुलीला मी हेच सांगतो की निवड होईपर्यंत आधारवरचं नाव बदलायची घाई नको. सासरी नाव बदला म्हणून आग्रह असतो, तेव्हा घरच्यांना बसून समजावून सांगा की आत्ता कागद एका नावाचे राहू द्या. जातीचा दाखला माहेरच्या नावाचाच लागतो, जात जन्मानं ठरते, नवऱ्याच्या जातीचा दाखला तिला लागू होत नाही.

हल्ली विचारतात की आता आईचं नाव मध्ये लावायचा नियम आलाय, आम्ही पण लावायचं का? तो नियम १ मे २०२४ ला किंवा नंतर जन्मलेल्या मुलांसाठी आहे. तुमचे कागद आहेत तसेच राहू द्या.

कॅटेगरी आणि दाखले

सगळ्यात जास्त मुलं इथं बाद होतात, आणि त्यातली बरीचशी पात्र असून.

पहिली गल्लत राज्य आणि केंद्र. महाराष्ट्रात व्हीजे (विमुक्त जाती), एनटी-बी, एनटी-सी, एनटी-डी (भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) अशा वेगळ्या कॅटेगरी आहेत, केंद्रात त्या नाहीत. बँक, रेल्वे, स्टाफ सिलेक्शन, केंद्राच्या कॉलेजांचं ॲडमिशन अशा फॉर्मला एनटी-डीचा रकाना शोधत बसाल तर सापडणार नाही. वंजारी, धनगर, बंजारा हे समाज केंद्राच्या यादीत ओबीसीत आहेत, त्यांनी तिथं ओबीसी निवडायचं, पण राज्याचा दाखला जोडून चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी नॉन क्रिमिलेअर दाखला वेगळा काढावा लागतो. एकाच तहसीलमधून, एकाच प्रांत ऑफिसमधून निघतो, पण नमुना वेगळा असतो. अर्ज देतानाच 'सेंट्रलचं पाहिजे' असं सांगा आणि हातात आल्यावर वाचून बघा की त्यावर भारत सरकारच्या नोकरी किंवा प्रवेशासाठी असं लिहिलंय का. काही जाती राज्याच्या यादीत आहेत आणि केंद्राच्या नाहीत, त्यांना केंद्राच्या फॉर्मला ओपनच भरावं लागतं. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या साईटवर राज्यानुसार यादी आहे, आपली जात आणि पोटजात तिथं एकदा डोळ्यांनी बघा, शेजारच्यानं सांगितलं म्हणून भरू नका.

मराठा समाजाच्या मुलांचं असं, राज्यात २०२४ च्या कायद्यानं एसईबीसीचं, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्गाचं, १० टक्के आरक्षण आहे, ते फक्त राज्याच्या फॉर्मला. केंद्राच्या फॉर्मला एसईबीसी नाही, तिथं ओपन, आणि अटीत बसत असाल तर केंद्राचं ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं आरक्षण. कुणबी नोंद असेल आणि दाखला असेल तर ओबीसी. एकाच घरात दोन भावांचे दाखले वेगवेगळे निघाल्याची उदाहरणं आहेत, त्यामुळं कुठल्या दाखल्यावर अर्ज करायचा हे आधी ठरवा आणि ज्या फॉर्मला जे भरलंय ते वहीत लिहा.

केंद्राच्या ईडब्ल्यूएसला उत्पन्न ८ लाखांच्या आत असून भागत नाही. कुटुंबाच्या नावावर ५ एकर किंवा जास्त शेतजमीन असेल तर तो दाखला मिळत नाही, मग ती जमीन कोरडवाहू का असेना, उत्पन्न कितीही कमी का असेना. हे ऐकून आमच्या भागातले लोक नाराज होतात आणि मला पण ते पटत नाही, पण नियम आज तसा आहे आणि चुकीचं लिहून दाखला काढला तर नोकरी लागल्यावर सुद्धा जाऊ शकते.

दुसरी गल्लत तारखेची. जातीचा दाखला एकदाच काढायचा, त्याला मुदत नसते. नॉन क्रिमिलेअर आणि ईडब्ल्यूएसला असते. नॉन क्रिमिलेअर हातात घेऊन खाली बघा, कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे ते लिहिलेलं असतं. वर देण्याची तारीख, खाली मुदत, लोक वरची बघून खूश होतात. सीईटी सेल, म्हणजे राज्याचं प्रवेश परीक्षांचं ऑफिस, त्यांच्या इंजिनीअरिंग, फार्मसीच्या ॲडमिशनला पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं नॉन क्रिमिलेअर मागतात, म्हणजे जूनमध्ये फॉर्म भरताना जुनं संपलेलं असेल तर ते चालत नाही. बँकांच्या भरतीत बहुतेक वेळा चालू आर्थिक वर्षातलं, म्हणजे १ एप्रिलनंतर काढलेलं मागतात. केंद्राचं ईडब्ल्यूएस पण आर्थिक वर्षाचंच, मागच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर. म्हणून हे दाखले एप्रिल-मेमध्येच काढायला टाका, जूनमध्ये सगळा तालुका तहसीलला असतो. नॉन क्रिमिलेअरला ३ वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला लागतो आणि त्याला आधी तलाठ्याचा अहवाल, म्हणजे एकामागं एक कागद आहेत, तलाठी भेटला नाही की सगळंच थांबतं. शेवटच्या आठवड्यात दाखला मिळेल या भरवशावर 'आहे' असं टिक करू नका. काही ॲडमिशन फेऱ्यांत अर्जाची पावती तात्पुरती चालते, पण ते त्या वर्षीच्या नोटीसमध्ये लिहिलं असेल तरच.

राज्यात खुल्या वर्गातल्या मुलींना महिला आरक्षणासाठी आधी नॉन क्रिमिलेअर लागायचं, २०२३ मध्ये ती अट निघाली. अजून कितीतरी मुली त्यासाठी तहसीलला खेटे घालताना दिसतात, त्यांना सांगा. ओबीसी, व्हीजे-एनटी, एसबीसीच्या मुलींना मात्र ते लागतंच.

जात वैधता म्हणजे व्हॅलिडिटी, जातीचा दाखला खरा आहे असं पडताळणी समितीनं तपासून दिलेलं प्रमाणपत्र, हा दाखल्यापेक्षा वेगळा कागद आहे हे अजूनही कितीतरी पालकांना माहीत नसतं. मुलगा बारावी सायन्सला गेला की कॉलेजमार्फत लगेच अर्ज टाका. सीईटीचा निकाल लागल्यावर धावपळ केली तर आजोबांच्या शाळेचा दाखला, जुन्या महसुली नोंदी हे गोळा करण्यातच महिने जातात. घरात सख्ख्या भावाला, काकाला किंवा आत्याला मिळालेली असेल तर ती प्रत आधी शोधा, काम बरंच सोपं होतं.

टक्के आणि तारीख

५९.९९ टक्के म्हणजे ६० नाही. बँकांच्या जाहिरातीत हे स्पष्ट लिहिलेलं असतं, तरी ६० टाकतात. मार्कशीटवर टक्क्यांऐवजी सीजीपीए, म्हणजे ग्रेडचे सरासरी गुण असतील तर युनिव्हर्सिटीच्याच सूत्रानं टक्के काढायचे, मनानं १० नं गुणायचं नाही, सूत्र मार्कशीटच्या मागं असतं किंवा कॉलेज पत्र देतं. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी पात्रतेची तारीख बघा, मार्कशीटवरची निकालाची तारीख त्या तारखेच्या आतली पाहिजे. निकाल ऑनलाइन आधी लागला आणि मार्कशीटवर नंतरची तारीख छापली असेल तर कॉलेजकडून किंवा युनिव्हर्सिटीकडून तसं पत्र घेऊन ठेवा.

पोलीस भरतीला एका पदासाठी एकाच जिल्ह्यात किंवा घटकात अर्ज करायचा असतो. वेगवेगळ्या ईमेलवरून चार जिल्ह्यांत भरले तर साईट त्या वेळी घेते आणि नंतर तपासणीत सापडतात. असं करू नका, विचार करून एक जिल्हा निवडा.

चूक झाली आणि सबमिट पण झालं, आता?

फायनल सबमिटच्या आधी प्रिव्ह्यू येतो. तो मोबाईलवर वरवर खाली सरकवू नका, प्रिंट काढा आणि दुसऱ्या माणसाला दहावीची मार्कशीट आणि दाखले हातात देऊन मोठ्यानं वाचायला लावा, तुम्ही प्रिंटवर बोट ठेवा. सेंटरवर गर्दी असली तरी हे करायला लावा, सेंटरवाल्यानं घाई केली तर दुसऱ्या सेंटरवर जा. ज्यानं फॉर्म भरला त्याला स्वतःची चूक दिसत नाही.

तरीही राहून गेलं तर आधी बघा की दुरुस्तीची खिडकी उघडणार आहे का. स्टाफ सिलेक्शन कमिशन ती देतं, पहिल्या दुरुस्तीला २०० आणि दुसऱ्या वेळी ५०० रुपये घेतं. जेईई, नीटला पण दुरुस्तीचे दिवस येतात, पण सगळे रकाने बदलता येत नाहीत. बँकांच्या आयबीपीएसला एकापेक्षा जास्त अर्ज झाले तर शेवटचा पूर्ण झालेला अर्ज धरतात आणि आधीची फी जाते, त्यामुळं तारीख शिल्लक असेल तर तिथं नव्यानं भरता येतं. रेल्वेला अकाऊंट बनवताना टाकलेली माहिती नंतर बदलता येत नाही, म्हणून नाव, जन्मतारीख, मोबाईल, ईमेल तिथं टाकतानाच दोनदा बघा. आणि रेल्वेला बँक खात्याचा नंबर नीट टाका, ५०० पैकी ४०० रुपये पहिली परीक्षा दिल्यावर त्याच खात्यात परत येतात, एससी, एसटी आणि महिलांना २५० च्या २५० परत येतात.

खिडकी गेली असेल आणि चूक स्पेलिंगची किंवा नावाच्या क्रमाची असेल तर अर्ज सोडून देऊ नका, परीक्षा द्या. हॉलतिकीटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळत नसेल तर राजपत्र, विवाह दाखला किंवा प्रतिज्ञापत्र, यातलं जाहिरातीत काय चालतं म्हणून दिलंय ते मूळ प्रतीत बरोबर न्या, आणि परीक्षेच्या आधीच हेल्पडेस्कला मेल करून त्याची प्रिंट जवळ ठेवा. कॅटेगरी चुकली असेल तर मात्र वेगळं. राखीव भरलं आणि दाखला नाही तर ओपनमध्ये धरतात की बाद करतात हे त्या त्या जाहिरातीत लिहिलेलं असतं, ते कलम शोधून वाचा आणि त्या संस्थेला लेखी विचारा. तुमचा केस यापेक्षा वेगळा असेल तर कोणत्या भरतीचा किंवा कोर्सचा फॉर्म आहे, कोणत्या पानावर अडलंय आणि एररमध्ये नेमकं काय लिहून येतंय एवढं लिहून विचारा. आधार नंबर, ओटीपी, पासवर्ड कुठंही लिहू नका.